कीटण

खालच्या पुढच्या दातांच्या मागे जे कठीण, पिवळट कीटण साचते ते स्केलरच्या, म्हणजे दात खरवडायच्या हत्याराच्या, टोकाने सुटताना एक बारीक, कोरडा आवाज येतो. कराडच्या माझ्या दवाखान्यात गेली एकतीस वर्षे हा आवाज मी रोज ऐकते. कीटण सुटले की पेशंटला चूळ भरायला सांगायचे, तो बेसिनमध्ये थुंकतो, नळाचे पाणी गोल फिरते आणि ते तुकडे दिसेनासे होतात. त्या तुकड्यांत वाचण्यासारखे काही असेल, असे शिकताना मला कोणी सांगितले नव्हते. परीक्षेत कीटणावर प्रश्न यायचा तो ते का साचते आणि कसे काढावे एवढ्यापुरताच. आज मात्र यॉर्क, कोपनहेगन, लायप्झिग अशा ठिकाणच्या प्रयोगशाळांत हजारो वर्षांपूर्वीच्या युरोपीय माणसांच्या दातांवरून खरवडलेले हेच कीटण मिलिग्रॅमच्या हिशेबाने तोलले जाते, आणि त्यातला एक कणही वाया जाऊ नये म्हणून माणसे डोळ्यांत तेल घालून बसतात.

या विषयाकडे मी वळले ती एका खिडकीमुळे. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे म्युनिकला गेले असताना आम्ही दोघी रेल्वेने ब्रेनरची खिंड ओलांडून इटलीतल्या बोल्झानोला गेलो. तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात, उणे सहा अंश तापमानाच्या बंदिस्त खोलीत, ज्याला सगळे जग ओट्झी म्हणून ओळखते तो माणूस ठेवला आहे. १९ सप्टेंबर १९९१ रोजी एका जर्मन जोडप्याला तो आल्प्समध्ये ३,२१० मीटर उंचीवर, बर्फातून अर्धवट वर आलेला असा दिसला. अलीकडेच अपघातात गेलेला कोणी गिर्यारोहक असावा अशा समजुतीने त्याला बाहेर काढताना यांत्रिक ड्रिल वापरण्यात आले आणि त्यात त्याच्या डाव्या कमरेला इजाही झाली. त्याच्याजवळची तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड जाणकारांच्या नजरेला पडली तेव्हा प्रकरण पोलिसांकडून पुरातत्त्वज्ञांकडे गेले, आणि कार्बन-१४च्या चाचण्यांनी तो पाच हजार वर्षांहून जुना ठरला. एका लहानशा काचेतून त्याला पाहायचे असते; मागे रांग असते, त्यामुळे मिनिटभरापेक्षा जास्त थांबताही येत नाही. मुलगी त्याचे एकमेकांवर आडवे आलेले हात पाहत होती. मी वर सरकलेल्या ओठाखाली डोकावत होते. "आई, इथेही तू दातच बघतेस?" तिने विचारले. मी हो म्हटले. दुसरे काय बघणार?

त्याच्या दातांचा सविस्तर अभ्यास २०१३ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी सी. टी. स्कॅनच्या त्रिमिती प्रतिमांवरून प्रसिद्ध केला, आणि तो वाचताना मला एखाद्या ओळखीच्या पेशंटचा केसपेपर हातात आल्यासारखे वाटले. हिरड्यांच्या रोगाने दातांभोवतीचे हाड बरेच खाली गेलेले, काही दातांना कीड लागलेली, पुढच्या एका दाताला कधीतरी मार बसलेला, दाढांची पृष्ठे झिजून सपाट झालेली. कीड धान्याच्या स्टार्चमुळे, असे संशोधक म्हणतात, कारण त्याच्या मुलखात तोवर शेती चांगली रुजलेली होती आणि त्याच्या पोटातही रानबोकड व हरीण यांच्या मांसाबरोबर आइनकॉर्न नावाचा जुना गहू सापडला. झिजेचे कारण म्हणजे दगडावर दळलेल्या पिठातली कच. हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. माझ्या लहानपणी जाते टाकवून घेतले, की पुढचे दोन-तीन दिवस भाकरी दाताखाली कचकचायची आणि आजी म्हणायची, "खा गुमान, दगड काय पोटात राहात नाय." पोटात राहत नसेल, पण दातांवर राहतो. कराडच्या आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांच्या दाढा मी अशाच सपाट झालेल्या पाहिल्या आहेत. वर मिश्रीचा तपकिरी थर.

दातावरून माणसाविषयी बोलायचे ते किती, याचा धडा मात्र मला एका हारवालीने शिकवला. पंधराएक वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या वरच्या पुढच्या दाताच्या कडेला एक रेखीव, घासून गुळगुळीत झालेली खाच होती. अशी खाच शिंपीकाम करणाऱ्यांच्या दाताला पडते, कारण ते दोरा दातांत धरतात आणि दातांनीच तोडतात. मी मोठ्या आत्मविश्वासाने विचारले, "शिवणकाम करता ना?" ती म्हणाली, "नाय वो डॉक्टर, मी हार करते." बाजारात देवळाच्या वाटेवर तिचे दुकान होते. फुले ओवताना दोऱ्याचे एक टोक दातांत धरायचे ही तिची वीस वर्षांची सवय. म्हणजे दात खोटे बोलला नव्हता. त्याने दोरा सांगितला होता. शिवणकाम मी माझ्या पदरचे घातले होते. पुढे प्रागैतिहासिक युरोपावरचे संशोधन वाचताना, कुठल्याही ठळक निष्कर्षापाशी आले, की मी स्वतःला विचारते, यात दोरा कोणता आणि शिवणकाम कोणते?

शरीरात सगळ्यात सावकाश पुसला जाणारा कागद म्हणजे इनॅमल, दातावरचे कठीण, पांढरे कवच. हाड आयुष्यभर झिजते आणि नव्याने भरते, त्यामुळे हाडात साधारणपणे शेवटच्या दहा-वीस वर्षांचा हिशेब मिळतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून लांब केसात शेवटची एक-दोन वर्षे टोकाकडून मुळाकडे ओळीने वाचता येतात. आतड्यातले अन्न शेवटचे काही तास सांगते; ओट्झीच्या आतड्यातल्या परागकणांवरून तो मृत्यूपूर्वीच्या दीडेक दिवसात उंचावरून खाली दरीत आणि पुन्हा वर, असा चढउतार करत होता हे ताडता आले, आणि त्यातले हॉप-हॉर्नबीम या झाडाचे पराग इतके ताजे होते, की तो शरदात मेला हा आधीचा समज बदलावा लागला; तो वसंताच्या अखेरीस किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर मेला असला पाहिजे. इनॅमलचे तसे नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत मरून जातात. त्यानंतर त्यात नवी भर पडत नाही. पहिल्या दाढेचे इनॅमल जन्मापासून तिसऱ्या वर्षाच्या आसपास पुरे होते, अक्कलदाढेचे किशोरवयात. म्हणून साठ वर्षांच्या माणसाच्या तोंडात त्याचे दुसरे वर्ष अजून शाबूत असते.

त्या इनॅमलमधून बालपणीचा मुलूख कसा ओळखतात, हे मी माझ्याच उदाहरणावरून समजून घेतले. माझा जन्म मालवणचा. वडिलांची बदली झाली आणि सहाव्या वर्षी मी कराडला आले. दक्षिण कोकणात अतिप्राचीन ग्रॅनाइट-नाइस खडक उघडे पडलेले आहेत, तर कराडखाली आहे त्यांच्या मानाने बराच तरुण असा काळा बसाल्ट. खडकातल्या रुबिडियमचे अतिशय सावकाश स्ट्रॉन्शियम-८७मध्ये रूपांतर होत असते, त्यामुळे जुन्या ग्रॅनाइटमध्ये स्ट्रॉन्शियमच्या ८७ आणि ८६ या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) गुणोत्तर जास्त भरते, बसाल्टमध्ये कमी. खडकातून माती, मातीतून पाणी आणि पीक, पिकातून मूल, आणि मुलाच्या दातात कॅल्शियमच्या जागी लपून बसलेले थोडेसे स्ट्रॉन्शियम. दातावरून साध्या डेंटल बरने चिमूटभर भुकटी काढायची, आम्लात विरघळवायची आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे अणू वजनाप्रमाणे वेगळे करणाऱ्या यंत्रात, मोजायची. माझी पहिली दाढ आणि अक्कलदाढ शेजारी ठेवून मोजली, तर दोन वेगवेगळे आकडे यायला हवेत. पण मालवणात आम्ही रोज मासे खात असू आणि समुद्राचा आकडा स्वतंत्र. रेशनचा तांदूळ कुठून येई ते देव जाणे. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या बाबतीत निदान रेशनचा प्रश्न येत नाही, कारण तो बहुतेक भोवतालचेच खात असे. ओट्झीच्या दातांची आणि हाडांची अशीच तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्याचे बालपण व उतारवय वेगवेगळ्या ठिकाणी, पण जिथे तो सापडला तिथून साधारण साठ किलोमीटरच्या आतच गेले असावे असा निष्कर्ष निघाला. त्याच्या कुऱ्हाडीचे तांबे मात्र दूरच्या दक्षिण टस्कनीचे होते, हे तांब्यातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून कळले. माणूस जवळचा आणि वस्तू लांबची.

मोजलेला आकडा हा दोरा. तो कुठल्या मुलखाचा हे ठरवायला आधी त्या मुलखाचा नकाशा हवा, आणि गफलत बहुधा तिथेच होते. डेन्मार्कमध्ये एग्टवेड इथे १९२१ मध्ये एका टेकाडाखाली ओकच्या खोडाची शवपेटी सापडली, तिच्यात सोळा-अठरा वर्षांच्या मुलीचे केस, नखे, दात आणि लोकरीचा दोऱ्यांचा घागरा होता. ओकच्या वर्षवलयांवरून तिचे दफन इ.स.पू. १३७० मधले ठरते, आणि पेटीत ठेवलेल्या यारोच्या फुलावरून ऋतू उन्हाळ्याचा. २०१५ मध्ये तिच्या पहिल्या दाढेतले, केसांतले आणि नखांतले स्ट्रॉन्शियम मोजले गेले. आकडे डेन्मार्कच्या पाण्याशी जुळेनात, म्हणून ती जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टकडून लग्न होऊन आलेली असावी आणि शेवटच्या दोन वर्षांत माहेरी जाऊन पुन्हा परतली असावी, अशी मांडणी झाली. ती वाचून मला गहिवरून आले होते, हे कबूल केले पाहिजे. सासरमाहेरच्या वाटेवरची मुलगी म्हटले की आपल्याकडची बाई वाहवत जाणारच. चार वर्षांनी ऑरहूसच्या दोन संशोधकांनी वेगळाच मुद्दा काढला: डेन्मार्कचे शेतकरी गेली कित्येक दशके आम्लधर्मी शेतांत चुना टाकत आले आहेत, चुन्यातले स्ट्रॉन्शियम पाण्यात उतरते, आणि ज्या पाण्यावरून संदर्भ-नकाशा बनवला ते पाणीच त्यामुळे बदललेले आहे. चुना न पडलेल्या जागांचे पाणी घेतले तर तिचे आकडे एग्टवेडच्या आसपासही जुळतात. पहिल्या गटाला हे मान्य नाही. वाद चालू आहे. माझे मत विचाराल तर लग्न, माहेर, परतीचा प्रवास हे सगळे शिवणकाम होते. दोरा एवढाच, की दाढेतला आकडा आणि केसांतला आकडा सारखा नव्हता.

आता कीटणाकडे येते. दातावरच्या जिवाणूंच्या थरात लाळेतले कॅल्शियम फॉस्फेट बसत जाते आणि त्या थराचा दगड होतो. त्या दगडात जिवाणू अडकतात, स्टार्चचे कण अडकतात, वनस्पतींचे सिलिकाचे कण अडकतात आणि प्रथिनांचे तुकडेही. हाडावरून कळते ते खाण्याचे सरासरी स्वरूप. कीटणातून प्रत्यक्ष खाल्लेल्या पदार्थाचा कण मिळू शकतो, आणि फरक मोठा आहे. महिन्याचे वाण्याचे बिल पाहणे आणि पातेल्याच्या बुडाला लागलेले खरवडून चाखून पाहणे, इतका मोठा.

ज्या प्रश्नाने मला खरोखर झोप येऊ दिली नाही तो माशांचा. ब्रिटनच्या किनाऱ्यावर शेतीपूर्व काळात राहणाऱ्या माणसांच्या हाडांत समुद्री अन्नाची स्पष्ट खूण मिळते, कारण समुद्रातल्या अन्नात कार्बन-१३चे प्रमाण वेगळे असते. इ.स.पू. ४०००च्या सुमारास शेती आली आणि ही खूण जवळजवळ एकदम नाहीशी झाली, असे हाडांच्या मापनांवरून २००३ मध्ये मांडले गेले. दारात समुद्र असताना मासे सोडायचे? मालवणच्या माणसाला हे पटणे शक्यच नाही. हाडांचे कोलॅजेन, म्हणजे हाडातले मुख्य प्रथिन, प्रामुख्याने प्रथिनांचा हिशेब ठेवते, थोडेबहुत मासे त्यात दिसणारही नाहीत, असा आक्षेप तज्ज्ञांनीही घेतला, आणि मी मनातल्या मनात त्यांच्या बाजूने होते. पुढे त्या काळच्या मातीच्या भांड्यांच्या अंगात मुरलेली चरबी तपासली गेली. भाजलेल्या, पण झिलई नसलेल्या मातीत शिजवलेल्या पदार्थाची चरबी शोषली जाते आणि हजारो वर्षे टिकते, हे ब्रिस्टलच्या रिचर्ड एव्हरशेड यांच्या प्रयोगशाळेने अनेक वर्षांच्या कामातून दाखवलेले आहे. खापराचा तुकडा दळून त्यातून ती वेगळी काढतात आणि दुधाची चरबी मांसाच्या चरबीपासून कार्बनच्या समस्थानिकांवरून ओळखतात. त्या ब्रिटिश खापरांत माशांच्या खुणा अगदीच तुरळक निघाल्या आणि दुधाच्या भरपूर. शेवटी २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या कीटणात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे दुधातले प्रथिन थेट मिळाले. हाड, खापर आणि कीटण हे तीन साक्षीदार एकमेकांशी बोलून आलेले नव्हते, तरी त्यांची जबानी जुळली. मला मान्य करावे लागले. एवढी शंका अजून मनात आहे, की थडग्यांत पुरलेली माणसे म्हणजे सगळा समाज नव्हे. रापणीवर जाणारा कोणी त्यांत असेलच असे नाही.

(माशांची आणखी एक खोडी इथेच सांगून टाकते. समुद्रातला कार्बन हवेतल्या कार्बनच्या मानाने मुळातच सरासरी चारशे वर्षांनी शिळा असतो. त्यामुळे रोज मासे खाणाऱ्या प्राचीन माणसाचे हाड कार्बन-१४च्या चाचणीत, दुरुस्ती केली नाही तर, आहे त्यापेक्षा कितीतरी जुने भरते.)

दुधाच्या साक्षीत गंमत अशी आहे, की ते पिणाऱ्या या माणसांपैकी बहुतेकांना मोठेपणी कच्चे दूध पचतच नव्हते. लॅक्टोज पचवणारे एन्झाइम बालपणानंतरही चालू ठेवणारा जनुकीय बदल युरोपात दुभती जनावरे पाळू लागल्यावर कित्येक हजार वर्षांनी, कांस्ययुगात आणि त्यानंतर सार्वत्रिक होत गेला. ओट्झीकडेही तो नव्हता. हाच बदल भारतातही आढळतो, वायव्येकडे जास्त आणि दक्षिण-पूर्वेकडे कमी. मग न पचणारे दूध ते लोक घेत कसे होते? पोलंडच्या कुयाविया भागात सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची भोकाभोकांची मातीची भांडी सापडत. ती चीज गाळण्यासाठी असावीत, असा तर्क पीटर बोगुकी या पुरातत्त्वज्ञाने १९८० च्या दशकात केला; कोणी त्यांना निखारे ठेवण्याची म्हणत, कोणी आणखी काही. २०१२ मध्ये त्या खापरांतली चरबी तपासली गेली आणि ती दुधाचीच निघाली. दह्याचे पाणी निथळून चक्का बांधणाऱ्या कुठल्याही घरात या भांड्याचे चित्र दाखवले असते, तर तीस वर्षे वाट पाहावी लागली नसती, असे मला वाटले होते. मग हारवाली आठवली. आमच्या घरी भोकाची चाळण वर्षातून एकदाच चक्क्याला लागते, एरवी तिच्यात पालेभाजी धुतात. चरबीची चाचणी हवीच होती. निथळलेल्या पाण्याबरोबर लॅक्टोजचा बराच भाग निघून जातो, म्हणून चीज किंवा चक्का पोटाला सोसतो. आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नेमके त्या पाण्यातच जास्त जाते, म्हणून कीटणात ते सापडले तर माणसे ते पाणी किंवा दूधही पीत असावीत, ही पुढची गुंतागुंत.

कीटण तपासणाऱ्यांना सर्वांत जास्त धास्ती असते ती स्वतःची. आम्ही पूर्वी दवाखान्यात जे पावडरीचे हातमोजे वापरायचो, त्यांच्या आतली पावडर म्हणजे मक्याचा स्टार्च. काही वर्षांपूर्वी संशोधकांनी प्राचीन स्टार्च शोधणाऱ्या प्रयोगशाळांतलेच सामान तपासले, तेव्हा हातमोज्यांसकट अनेक वस्तूंवर आजचा स्टार्च मिळाला. मका अमेरिकेतला, त्यामुळे युरोपातल्या पाषाणयुगीन दातावर तो निघाला तर चोरी लगेच पकडली जाते. गव्हाचा कण मात्र आजचा की तेव्हाचा, हे नुसते बघून सांगणे अवघड. प्राचीन डी.एन.ए.च्या बाबतीत एक ओळखखूण निसर्गानेच दिलेली आहे. फार जुने धागे आखूड तुटलेले असतात आणि त्यांच्या टोकांशी एक ठरावीक रासायनिक बिघाड झालेला असतो; ताज्या, म्हणजे हाताळणाऱ्याच्या डी.एन.ए.मध्ये तो नसतो. हे तंत्र उभे करण्यात ज्यांचा सिंहाचा वाटा आहे त्या स्वांते पेबो यांना २०२२ चे नोबेल मिळाले. तरीही फसगत होते. ओट्झीचा जीनोम पहिल्यांदा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात पूर्वेकडच्या गवताळ प्रदेशातल्या लोकांचा अंश दिसला होता. २०२३ मध्ये तो अधिक काटेकोरपणे पुन्हा वाचला गेला. तो अंश आधुनिक माणसांच्या मिसळीतून आलेला होता. ओट्झीचे नव्वद टक्क्यांहून जास्त पूर्वज अनातोलियाहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, आलेले आद्य शेतकरी होते, त्याची त्वचा आधी समजत होते त्यापेक्षा बरीच सावळी होती आणि डोक्याला टक्कल पडत चालले असावे. संग्रहालयात तोवर गोऱ्या, भरघोस केसांच्या ओट्झीचा पुतळा उभा होता. मी गेले तेव्हाही लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते.

निअँडरथल माणसाच्या कीटणाची बातमी आमच्या दंतवैद्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरली होती. स्पेनमधल्या एल सिद्रोन गुहेतल्या एका तरुणाच्या जबड्यात गळू होते, आणि २०१७ च्या अभ्यासानुसार त्याच्या कीटणात पॉपलर झाडाचा अंश मिळाला. पॉपलरच्या सालीत अ‍ॅस्पिरिनच्या जातकुळीतले द्रव्य असते. "निअँडरथल पेनकिलर घेत होता" असा मथळा झाला आणि ग्रुपवर हसणारे चेहरे आले. गळवाची कळ काय असते ते मला ठाऊक आहे. रात्री दोन वाजता लवंग, हिंग, तंबाखू, हाताला लागेल ते दाताखाली धरणारी माणसे मी पाहिली आहेत, त्यामुळे त्या तरुणाने साल चावली असेल यावर विश्वास ठेवायला मी एका पायावर तयार आहे. म्हणूनच मी जरा थांबते. पॉपलरचा दोरा तेवढा हातात आहे, आणि त्याच्याही पक्केपणावर नंतर प्रश्न उपस्थित झाले. त्यापेक्षा फ्रान्समधल्या पायर इथल्या निअँडरथल मुलाच्या दातावरचे काम मला अधिक भावले. इनॅमलमध्ये रोजची एक बारीक रेघ पडते. त्या रेघा मोजून आणि त्यांच्या कडेने बेरियम, शिसे, ऑक्सिजन मोजून संशोधकांनी २०१८ मध्ये सांगितले, की अडीच लाख वर्षांपूर्वीचे ते मूल वसंतात जन्मले आणि अडीच वर्षांचे होईपर्यंत अंगावर पीत होते. यात मथळ्याजोगे काही नाही. पण आईच्या दुधाचे दिवस दातात मोजता येतात, हे वाचून मी दवाखान्यातल्या बरणीतली एक जुनी उपटलेली दाढ हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

शिवणकाम उसवल्याचे सगळ्यात झणझणीत उदाहरण सेव्हिलजवळच्या वालेन्सिना इथले आहे. साधारण पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात आफ्रिकी हत्तीचा अखंड दात आणि इतर मौल्यवान वस्तूंसह पुरलेली एक व्यक्ती २००८ मध्ये सापडली. एवढा थाट म्हणजे पुरुषच, अशा हिशेबाने 'हस्तिदंताचा माणूस' म्हणून तो प्रसिद्धही झाला. इनॅमलमध्ये अमेलोजेनिन नावाचे प्रथिन असते. त्याचे एक्स गुणसूत्राचे रूप वेगळे आणि वायचे वेगळे, आणि डी.एन.ए. सडून गेले तरी ते टिकते. २०२३ मध्ये त्या व्यक्तीची एक दाढ आणि एक पुढचा दात तपासला गेला. दोन्हींत वायची खूण नव्हती. ती बाई होती. पंधरा वर्षे तिला पुरुष म्हणणाऱ्यांना दातांनी नव्हे, हत्तीच्या दाताने फसवले होते.

हे सारे वाचताना एक गोष्ट मला सारखी खटकते. युरोपाविषयी इतके कळते याला प्रयोगशाळा आणि पैसा हे कारण आहेच, पण थंडी हेही आहे. हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीला, जिथे डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले, साठाहून अधिक नमुने तपासल्यावर एकाच सांगाड्यातून वाचता येण्याजोगा डी.एन.ए. मिळाला. आपली उष्णता तो खाऊन टाकते. दात मात्र तुलनेने तग धरतात. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत रांजणांत पुरलेली लहान मुले सापडली. त्यांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे इनॅमलचे खड्डे डेक्कन कॉलेजचे सु. र. वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन ल्यूकाक्स यांनी मोजले आणि त्यावरून त्या मुलांच्या पहिल्यावहिल्या महिन्यांतली आबाळ वाचली. असे खड्डे असलेले दुधाचे दात माझ्या खुर्चीत आजही येतात.

माझ्या धंद्याच्या दृष्टीने सगळ्यांत जुना सोबती मला इटलीतल्या ट्रिएस्टमध्ये भेटला, म्हणजे कागदावर. स्लोव्हेनियातल्या लोंचे गावाजवळच्या गुहेतला एक अर्धा जबडा ट्रिएस्टच्या संग्रहालयात सुमारे शंभर वर्षे पडून होता. २०१२ मध्ये त्याच्यातल्या तडा गेलेल्या सुळ्यावर मधमाशीचे मेण भरलेले आढळले. मेणाचे आणि दाताचे वय साधारण सारखे, साडेसहा हजार वर्षे. फिलिंगच म्हणायचे. मेण जिवंतपणी भरले की मृत्यूनंतर लगेच, हे ठरवता येत नाही, असे संशोधकांनी स्वच्छ लिहिले आहे. हा संयम मला त्या मेणाइतकाच आवडला.

हारवाली मागच्या वर्षी पुन्हा आली. खाच आता खोल गेली होती आणि गार पाण्याने कळ येत होती. मी खाच साफ करून कॉम्पोझिट भरले, दिवा लावून ते कडक केले, कड घासून गुळगुळीत केली. दोऱ्यासाठी कात्री ठेवा, असे सांगितले. ती हसून म्हणाली, "दोन्ही हातांत फुलं असत्यात डॉक्टर, कात्री कुठं धरू?" सहा महिन्यांनी तपासणीला आली तेव्हा मी आरसा लावून पाहिले. भरलेल्या भागाच्या कडेवर, पहिल्या खाचेच्या जागीच, केसाएवढी नवी रेघ उमटायला लागली होती.